नव्या गॅलरीच्या खांबांखाली

माझे वडील सालगडी होते. महाराष्ट्र-आंध्र सरहद्दीजवळच्या आमच्या खेड्यात एका मोठ्या शेतकऱ्याकडे ते वर्षाच्या बोलीवर राबायचे आणि आई लोकांच्या रानात कापूस वेचायची. बोलीत मिळणारी ज्वारी जुनी, काळपट पडलेली असे. तिच्या भाकरीला एक आंबूस वास यायचा. आम्ही भावंडे तोंड वाकडे करायचो तेव्हा आई म्हणायची, "वास कुत्र्याले घेऊ दे, तू भाकर खा."

आमच्या घरात शाळेत जाणारा मी पहिला आणि पदवी घेणाराही मीच पहिला. मी बी.ए. झालो त्या दिवशी वडिलांनी मालकाकडे सुट्टी मागितली. मालकाने विचारले, "बी.ए. म्हंजे किती वर्ग रे?" वडील म्हणाले, "तुमच्या पोरापेक्षा जास्त." सुट्टी मिळाली नाही, पण ते वाक्य गावभर फिरले. पुढे आंध्र प्रदेश पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून माझी निवड झाली आणि कालांतराने मी सर्कल इन्स्पेक्टर झालो. हे मी अभिमानानेच लिहितो.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंग्यात दगडही खाल्ले. पण "साहेब, तुम्हाला भीती कधी वाटली?" असे कुणी विचारले की माझ्या डोळ्यांपुढे फुटबॉलचे एक कोरे करकरीत स्टेडियम उभे राहते. आजही एखाद्या मोठ्या इमारतीत शिरताना मी आधी खांबाच्या बुडाकडे बघतो. ही सवय त्या प्रकरणापासूनची. गावाचे नाव आणि माणसांची नावे मुद्दाम देत नाही.

आदिलाबाद जिल्ह्याच्या महाराष्ट्राकडच्या अंगाला ते गाव आहे. तिथे फुटबॉलचे वेड भारी. कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची टीम आणि कोळसा खाणीकडची टीम समोरासमोर आली की बाजार ओस पडायचा. माणसे झाडांवर, ट्रकच्या टपांवर चढून सामना बघायची. म्हणून सरकारने स्टेडियम मंजूर केले. मैदानाच्या एका बाजूला सिमेंट काँक्रीटची लांबलचक, पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी आणि तिच्याखाली खांबांची रांग. काम उरकत आले होते. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरले होते आणि गॅलरी भरलेली दिसावी म्हणून सगळ्या शाळांना मुले घेऊन येण्याचा आदेश गेला होता. माझी मुलगी त्यातल्याच एका शाळेत होती. तिने पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा हट्ट धरला होता.

प्रकरण सुरू झाले ते एका साध्या तक्रारीने. स्टेडियमचा कंत्राटदार बाहेरचा होता. तो चिडून स्टेशनात आला.

"साहब, एक बुड्ढा मेरे लेबर को भगा रहा है. बोलता है, छाँव में मत सोना. अब छाँव में नहीं सोएँगे तो क्या धूप में सोएँगे?"

गॅलरीखाली दुपारची चांगली सावली पडायची. जेवण झाले की मजूर तिथेच आडवे व्हायचे. शेजारच्या जुन्या वस्तीतला एक म्हातारा शेतकरी रोज कुंपणाशी येऊन त्यांना उठवत होता. त्यामुळे काही मजूर काम सोडून गेले होते. मी हेड कॉन्स्टेबलला पाठवून म्हाताऱ्याला बोलावून घेतले. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. बसा म्हटले तरी तो उभाच राहिला.

"आजोबा, मजुरांना काय सांगता तुम्ही?"

"तिथं झोपू नका म्हनतो."

"काऊन?"

"सावली चांगली नाई."

"सावलीत काय वाईट असतंय?"

त्याने नजर जमिनीकडे वळवली. हेड कॉन्स्टेबलचा पारा चढला. "ए बुढ्या, स्टेशनात उभा हाये तू. नीट बोल."

"नीटच बोलून राह्यलो," म्हातारा म्हणाला. "याच्याहून जास्ती बोललो तं बिघडंल."

मी चहा मागवला. त्याने पेला घेतला आणि घोट न घेताच खाली ठेवला. अफवा पसरवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. चार माणसे जमली की त्यांच्या अंगात वारे शिरते, प्रत्येकाकडे बघून ती बोलतात. हा जमिनीकडे बघत होता. जनरल डायरीत नोंद करून, समज देऊन मी त्याला सोडले, पण त्याची ती खाली वळलेली नजर माझ्या मनातून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्टेडियमवर गेलो. खांबांना पाणी मारायचे काम दूरच्या पालमूर भागातून मजुरीला आलेल्या तेलुगू बायका करत होत्या. त्यांच्यातली एक मला बाजूला बोलावून म्हणाली, "नेल नीळ्ळु तागुतुंदि, सार." म्हणजे, जमीन पाणी पिते, साहेब. तिने माझ्यासमोर एका खांबाच्या बुडाशी बादली ओतली. डबके साचले नाही, चिखल झाला नाही. कुणी खालून ओढून घ्यावे तसे पाणी गेले आणि जरा वेळाने आतून ठिबकल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून बाई दोन पावले मागे सरली. मीही सरलो.

कामावरचा सरकारी इंजिनियर तरुण होता, हुशार आणि कामसू. मी त्याला विचारले. तो म्हणाला, "साहेब, हा मुरूम आहे. मुरमात पाणी झिरपतंच. आपल्याकडची काळी जमीन उन्हात फाटते आणि पावसात फुगते, तिच्यावर मी गॅलरी उभीच केली नसती. म्हणून तर हा उंचवटा निवडला. खड्डे घेऊन बघितले, सगळीकडे पक्का मुरूम लागला." त्याचे म्हणणे मला पटले. खोटे त्यात काहीच नव्हते.

त्यानंतर लवकरच, भर दुपारी, एक मजूर धापा टाकत स्टेशनात आला. मैदानातल्या गवताला पाणी द्यायला टँकर रिकामा केला होता. ते पाणी गॅलरीकडे वाहिले आणि एका खांबालगतची जमीन आत बसली. माणूस जाईल एवढे भोक पडले. पाण्याचा पाईप आत घसरला म्हणून एक जण तो काढायला उतरला आणि उतरल्या उतरल्या गप्प झाला. हाक मारली तरी ओ देईना.

मी पोचलो तेव्हा दुसरा मजूर कमरेला दोर बांधून उतरायच्या तयारीत होता. भोकाजवळ जाताच तो वास माझ्या नाकात शिरला. लहानपणीच्या भाकरीचा आंबूस वास.

"कोणी उतरायचं नाही!" मी ओरडलो. "मागे व्हा सगळे!"

ते पेव होते. आजच्या वाचकांना सांगायला हवे. जुन्या काळी आमच्या भागात ज्वारी जमिनीखाली साठवायचे. उंचावरची, पाणी न लागणारी मुरमाड जागा बघून खोल विहिरीसारखा खड्डा खणायचा. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून शेणाने सारवायचे, कडबा लावायचा, धान्य भरायचे आणि तोंडावर फरशी ठेवून वर माती लोटायची. वरून काही कळत नाही. बंद पेवात विषारी हवा कोंडते आणि धान्याला तो आंबूस वास लागतो. पेव उघडले की आधी आत कोण उतरणार, तर सालगडी. माझे वडील उतरायचे. ते आत गेले की आई काठावर दोर धरून त्यांच्याशी सारखी बोलत राहायची, आणि उत्तर यायला जरा उशीर झाला की तिचा चेहरा मातीसारखा व्हायचा.

मी कंदील मागवून दोरीने आत सोडला. तोंडाच्या खाली जाताच तो विझला. मग उघडी छत्री दोराला बांधून पंप मारल्यासारखी खालीवर करायला लावली. वडिलांची हीच रीत होती. कंदील तगला तेव्हा माणूस उतरवला. वर आणले ते प्रेतच. त्याची बायको तिथेच वाळू चाळत होती. ती रडली नाही. नुसती त्याचे चिखलाचे पाय आपल्या पदराने पुसत राहिली.

पंचनामा चालू असताना इंजिनियरने मोठी बॅटरी घेऊन भोकात वाकून पाहिले. मग उठून त्याने बॅटरी बंद केली.

"साहेब, या खांबाचा पाया अर्धा मोकळा आहे."

"मोकळा म्हणजे?"

"खाली काही नाही. पेवाच्या पोटावर आलाय."

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिले. डोक्यावर गॅलरीच्या पायऱ्यांचा उलटा, करडा पोटभाग होता. पंच, कॉन्स्टेबल, मजूर, सगळे पाय न वाजवता मागे सरकू लागले. जणू कुणी शिंकले तरी ते सगळे खाली येईल.

बाहेर उन्हात आल्यावर मी विचारले, "मग ही उभी कशी?"

"रिकामी आहे म्हणून उभी आहे. या खांबाचं वजन शेजारचे खांब पेलतात. पण गॅलरी भरली आणि गोल झाला, तर सगळी माणसं एकदम उठणार, उड्या मारणार. तो हिसका वेगळाच असतो. त्यात आणखी एखादा खांब असाच निघाला तर..."

आणखी खांब असे आहेत का, हाच आता प्रश्न होता. मी वरिष्ठांना अहवाल दिला, उद्घाटन थांबवा म्हणून विनंती केली. ते स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांच्यावरही वरून दाब होता. "एक गड्ढा है," ते म्हणाले, "कंक्रीट भर दो, बात खतम. दूसरा दिखाओ तो मैं खुद रोकूँगा. डर के मारे मंत्रीजी का प्रोग्राम कैंसल नहीं होता." इंजिनियर म्हणाला, गॅलरीखाली यंत्राने जागोजाग भोके पाडून बघता येईल, पण यंत्र हैदराबादहून यायचे, ते उद्घाटनाच्या आत येणे अशक्य. शिवाय खाली काय आहे ते कळल्याशिवाय तिथे धडधड करायलाही तो घाबरत होता.

संध्याकाळी घरी गेलो तर मुलीने नवे बूट घालून दाखवले. "बाबा, आमच्या शाळेला एकदम वरच्या पायऱ्या दिल्या!" मी ताट बाजूला सारले. काय झाले म्हणून बायकोने दोनदा विचारले. मी हात धुवायला उठलो.

सकाळी मी म्हाताऱ्याला स्टेशनात बोलावले नाही, त्याच्या घरी गेलो. गाडी वस्तीबाहेर ठेवली. इंद्रवेल्लीत पोलिसांनी आदिवासींच्या सभेवर गोळीबार केला, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. खाकी दिसली की लोक दारे ओढून घ्यायचे, आणि त्या दारांवर काठी आपटून काही हाती लागत नाही हे मला ठाऊक होते. म्हातारा ओसरीवर बसला होता. मी टोपी काढून समोर बसलो.

"आजोबा, तुम्हाला पेवाचं ठाऊक होतं."

त्याने काठी जवळ ओढली.

"एक माणूस मेला. गॅलरीत शाळेची लेकरं बसणार आहेत. आणखी पेवं आहेत का तिथे?"

"तुमी कोन गावचे?" त्याने उलटा प्रश्न केला. मी गाव सांगितले. "कोनाचे?"

मी वडिलांचे नाव सांगितले, कुणाकडे सालगडी होते तेही सांगितले. म्हाताऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले.

"सालगड्याचा पोरगा इन्स्पेक्टर झाला?"

"झाला."

"बाप उतरत होता पेवात?"

"दर साली."

"मंग तुले काय सांगावं," तो म्हणाला. साहेबाचा मी 'तू' झालो होतो आणि त्यातच मला आशा दिसली. "माह्या पेवात माहा गडी गेला. लई इमानी मानूस. त्या दिसापासून मी त्याचं तोंड उघडलं नाई. फरशी ठेवली, माती लोटली."

"भरलं का नाही?"

"भराले उघडा लागते ना! उघडलं का लोकाईले दिसते. निजामाच्या टायमाले तहसिलाचे शिपाई सळया घिऊन फिरत. जमिनीत खुपसून पेव हुडकत आन सक्तीच्या लेव्हीत दाने नेत. तवापासून आमच्यात शपथ हाये. आपलं पेव कोनाले सांगाचं नाई. दुसऱ्याचं इचाराचं नाई. सरकारी मानसाम्होरं तं नावच नाई."

"मग जमीन मोजायला आले तेव्हा..."

"ते बी सरकारीच होते. ज्याले त्याले वाटलं, आपलं एकच रिकामं असंल, बाकीच्याईनं भरलं असंल. माह्यालेच मनात होतं म्हनून मजुराले उठवत होतो. तेवढं बी मले जड गेलं, बापू."

म्हाताऱ्याकडून कळले की तिथे पूर्वी सगळ्या गावाची मळणीची खळी होती. म्हणजे घरटी एक पेव. प्रत्येक घराला फक्त आपले ठाऊक, आणि ते कुणीच कुणाला सांगणार नव्हते. मी वस्तीतल्या कर्त्या माणसांना जमवायला सांगितले. जमली, पण प्रत्येकाचे एकच उत्तर, "आमचं नवतं जी तिथं." बायकासुद्धा दाराआडून तेच म्हणाल्या. हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी लागला, "सर, दोघातिघांना उचलू, बोलतील." मी नाही म्हटले. मारून एक पेव कळले असते. मला सगळी हवी होती.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "शपथ सांगायची नाही, अशी आहे ना?"

"व्हय."

"मग सांगू नका. उद्या सकाळी स्टेडियमवर या आणि ज्याने त्याने आपापल्या जागी नुसतं उभं राहा. मी कोणाला काही विचारणार नाही, कोणाचं नाव लिहिणार नाही."

म्हाताऱ्याने काठीने थोडी माती उकरली. मग म्हणाला, "उभं राह्याची शपथ नाई."

सकाळी मी वरिष्ठांना पाया पडल्यासारखी विनंती करून सोबत आणले. इंजिनियर होता, कंत्राटदार होता. खरे सांगायचे तर कुणी येईल याची मला खात्री नव्हती. कंत्राटदार घड्याळ बघत म्हणाला, "साहब, क्या तमाशा है?"

तेवढ्यात म्हातारा आला. कुंपण ओलांडून सरळ गॅलरीखाली शिरला. एका खांबापासून पावले टाकत चालला, थांबला, मागे फिरला, काठी टेकून उभा राहिला. त्याच्यामागून दुसरा आला. मग एक विधवा बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. मग बापलेक. कुणी कुणाकडे बघत नव्हते, कुणी बोलत नव्हते. एकेक जण येत होता, जुन्या बाभळीकडे, टेकडीकडे बघून अंदाज घेत होता आणि आपली जागा धरत होता. एक माणूस थेट खांबापाशी आला, बाजूला जायला बघितले, पण जागा तीच होती. मग त्याने खांबाला पाठ लावली आणि खाली मान घालून उभा राहिला.

मी मोजले नाही. मोजायची हिंमत झाली नाही. मैदानात उभे राहून बघितले तर गॅलरीच्या पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसे उभी होती. मुकी, स्थिर, प्रत्येक जण एका पोकळीवर. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर ते काँक्रीट. त्या क्षणी मला वाटलेली भीती मी आजपर्यंत कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. दंग्यात जमाव अंगावर येतो तेव्हा निदान पळायला दिशा असते.

"बाहेर बोलवा सगळ्यांना," इंजिनियर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हळू. एकेक करून बोलवा."

जाताना प्रत्येकाने आपल्या पायाखाली एक दगड ठेवला. ते कुणी सांगितले नव्हते.

म्हाताऱ्याच्या दगडाखाली हाताने, जपून खणले. फरशी लागली. तिची कड उचलताच तो वास आला. वरिष्ठांनी नाकाला रुमाल लावला, रांगेतल्या बाकीच्या दगडांकडे एकदा पाहिले आणि तिथूनच वायरलेसवर निरोप दिला, "प्रोग्राम कैंसल. मेरी जिम्मेदारी." दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे इथे नमूद केले पाहिजे.

गॅलरीला सील ठोकले, भोवती पहारा बसवला. मजुराच्या मृत्यूचा तपास मीच केला. आरोपी कुणाला करणार? इंजिनियरने जमीन तपासली होती, मुरूम चांगलाच होता. कंत्राटदाराने नकाशाप्रमाणे बांधले होते. गावकऱ्यांनी खोटी साक्ष दिली नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलेच नव्हते. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला. मजुराच्या बायकोला हे मी समजावून सांगितले. ती एवढेच म्हणाली, "तिथे आता कुणाला झोपू देऊ नका, सार."

या प्रकरणाने मला चौकशीची एक गोष्ट शिकवली. आम्हा पोलिसांना सगळे तोंडी हवे असते, जबाबात हवे असते, खाली सही-अंगठा हवा असतो. माणूस गप्प बसला की आम्ही त्याला गुन्हेगार समजतो. पण काही माणसे गप्प असतात ती जुन्या भीतीने, आणि ती भीती आमच्यासारख्याच कुणी शिपायाने त्यांच्या आजोबांच्या मनात घातलेली असते. पुढे प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना मी हेच सांगत आलो की समोरचा बोलत नसेल तर हात उगारण्याआधी त्याला न बोलता सांगायची एखादी वाट देऊन बघा. आणि दुसरे एक. पक्की जमीन शोधणारे आपण पहिलेच नसतो. इंजिनियरने जी जागा चांगली म्हणून निवडली, तीच त्या लोकांच्या पणजोबांनीही चांगली म्हणूनच निवडली होती.

पेवे एकेक करून उघडली, हवा घालून तळापर्यंत काँक्रीटने भरली. ज्या खांबांचे पाये मोकळे होते ते भाग पाडून नव्याने बांधले आणि सगळे पाये जमिनीखालून तुळयांनी एकमेकांना जखडले. गॅलरीवर वाळूची पोती रचून वजनाची चाचणी घेतली. खांबांच्या जोडांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, जरा हलले तरी फुटाव्यात अशा. एकही फुटली नाही. त्यानंतर स्टेडियम लोकांसाठी उघडले. पहिल्या सामन्याला गॅलरी वरच्या पायरीपर्यंत भरली होती, त्यात माझी मुलगीही होती. गोल झाला तेव्हा सगळी माणसे एकदम उठली आणि मी गॅलरीखाली उभा होतो. आमच्या जिनिंगची टीम हरली. सामना संपल्यावर सगळी माणसे आपापल्या पायांनी घरी गेली.